त्यातली लाट कोणती?

थप्प... थप्प... कानातून जातच नाही हो तो आवाज, बेकरीत कामाला लागलो त्या दिवशी आत शिरलो तर एक मुलगी पिठाचा गोळा टेबलावर आपटत होती, मी आपला लाटणं घेऊन शेजारी उभा राहिलो, तर वर न बघता म्हणाली, "या लाटसाहेब." आता तुम्हीच सांगा, हातात लाटणं असलेल्या माणसाने काय समजावं? लाटतो म्हणून लाटसाहेब. मी खूश. तिच्याशीच लग्न केलं... आणि जन्मभर त्या हाकेला ओ देत आलो.

आणि काल जेवताना जावई, शाळेत इंग्रजी शिकवतात ना ते, म्हणतात, "बाबा, त्यात लाटणं कुठलं आलं? लाट म्हणजे लॉर्ड. बडा उमराव. नुसता रुबाब करणाऱ्याला टोमणा मारतात तसा." हातातला घास परत ताटात ठेवला, तुम्हाला सांगतो. म्हणजे इतकी वर्षं टोमणा? मी आजारी असताना उशाशी बसून "उठा आता लाटसाहेब" म्हणायची, तोही? विचारू तरी कसं?

जावयांना माझा चेहरा बघवेना. "अहो, त्याचं मूळ तर ऐका. फार जुन्या इंग्रजीत लॉर्ड म्हणजे पावाचा राखणदार. आणि लेडी म्हणजे पीठ मळणारी." घ्या. करपू नयेत म्हणून भट्टीपाशी पाव मी राखले, पीठ तिने मळलं... पण तिला हे मूळ कुठून ठाऊक असणार, शाळेत तीही माझ्याइतकीच गेलेली, म्हणजे टोमणाच की. तेव्हापासून चहाला चव नाही, चष्मा डोक्यावर आणि मी घरभर शोधतोय. विचारू तरी कसं? विचारलं आणि "हो" म्हणाली तर?

शेवटी आज स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो. आत थप्प... थप्प. म्हटलं, "अगं, ते लाटसाहेब म्हणतेस... त्यातली लाट कोणती गं?"

"कोणती म्हणजे?"

"लाटण्यातली, की त्या लॉर्डातली?"

थप्प थांबलं. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं, आणि मी घाबरून बोलतच सुटलो, राखणदार म्हणे, मळणारी म्हणे, जावई म्हणे... तिने शांतपणे हात धुतले, फडक्याला पुसले, फळीवरचं लाटणं काढून माझ्या हातात ठेवलं... आता हे उत्तर समजायचं की काम, विचारू तरी कसं, ती तर बाहेर निघून गेली.