मिरचीच्या गोण्यांचा जटायू

नाटकाचे कपडे घरीच शिवायचं म्हणताय ना, मग आधी आमच्या जटायूचं ऐका. नंदुरबारला कॉलनीच्या सीताहरणात आमच्या ह्यांना जटायूचं काम मिळालं. पंख भाड्याने आणूया म्हटलं, तर सासूबाई म्हणाल्या, "भाड्याना कसाले? घरमा गोण्या पडेल शेतस."

आमचा धंदा लाल मिरचीचा. मी रिकाम्या गोण्या कापून पंख शिवले, पुठ्ठ्याची चोच केली. शिवताना घरात कुणालाही साधी शिंक आली नाही. आम्हाला सवय.

रावण होते पुण्याहून नुकतेच बदलून आलेले बँकेचे साहेब. त्यांनी पंख छाटायला तलवार हाणली आणि लाल खकाणा उडाला. रावण शिंकत शिंकत विंगेत पळाला. सीताही डोळे चोळत त्याच्यामागे आपणहून गेली.

स्टेजवर जटायू एकटा, दोन्ही पंख शाबूत. पण ह्यांनी तालीम फक्त मरायची केली होती. ते शांतपणे आडवे झाले आणि "रामा, रामा" करत कण्हू लागले.

पहिल्या रांगेतून सासूबाई ओरडल्या, "ऊठ रे, मरी कसाले ऱ्हायना? रावण ते पळी गया!"