पाचवी जाळी

दुकानात नंबर यायला वेळ होता. मांडीवरचं बाळ आत्ता कुठे झोपलं होतं, म्हणून ती श्वासही जपून घेत होती. पुढच्या खुर्च्यांवर एक म्हातारी आणि तिचा मुलगा बसले होते. त्यांना घरातली, भिंतीतल्या जाळ्यांतून गार-गरम हवा सोडणारी जुनी यंत्रणा काढून नवी बसवायची होती, आणि बोलता बोलता आवाज चढला होता.

“चार खोल्या, चार जाळ्या. संपलं!”

“आणि स्वयंपाकघर?”

“तिथं आधीही नव्हती, आई.”

“म्हणूनच विचारतेय.”

“पाचवी बजेटात बसत नाही.”

“परवा तुझी बायको शेगडीपुढे चक्कर येऊन पडली. सातवा महिना आहे तिला. ते बसतं का रे तुझ्या बजेटात?”

“ओरडू नकोस, लोक बघताहेत.”

“बघू देत!”

“तूही जन्मभर तिथंच राबलीस ना? कधी चकार शब्द काढला नाहीस.”

“काढला होता. तुझे बाबा म्हणाले, पुढच्या वेळी बघू. ही पुढची वेळ आहे.”

बाळ दचकलं. तिनं त्याला थोपटलं, पण कान तिकडेच होते.

“आजी, चारच हव्या असतील तर एक खोली सोडावी लागेल,” विक्रेता म्हणाला.

“दिवाणखाना सोडा.”

“अगं, पाहुणे आले म्हणजे?”

“स्वयंपाकघरात बसव त्यांना. आणि चहा तू कर.”