मास्तर वाचताहेत

—नाही गं, चोरलं कसं म्हणतेस? तुझ्या बाबांनी आयुष्यात एक ओळ लिहिली नाही, मग चोरणार काय, कपाळ? बस आधी. माझ्या पुस्तकात बाबाच बोलताहेत असं तुझी आई म्हणाली ना — बरोबर म्हणाली. वाटणारच! विशीत मी छापखान्यात लागलो तेव्हा समोरच्या खुर्चीत तुझे बाबा. मास्तर म्हणायचो आम्ही त्यांना. ते मूळ प्रत मोठ्याने वाचणार, मी प्रुफावर खुणा करणार — दिवसभर हेच. आणि वाचायचे कसे? स्वल्पविराम-पूर्णविरामांसकट, एका सुरात! कविता असो नाहीतर मूळव्याधीच्या मलमाची जाहिरात, सूर तोच. मला हसू आवरायचं नाही — ते चष्म्यावरून नुसते बघायचे, की मी गप्प.

मग ते गेले. त्याच खुर्चीत — तू एवढीशी होतीस, तुला कुठलं आठवायला. त्यांच्या जागी कुणी बसेना, मी एकटाच प्रुफं बघायचो. आणि एकदा, भर दुपारी हां, समोर कोणी नाही — आणि मास्तर वाचताहेत! मरणाबद्दल, उजेडाबद्दल, मूळ प्रतीत नसलेलंच काहीतरी. घाबरलो? अगं, रडलो मी. देव-बिव न मानणारा माणूस, ढसाढसा रडलो आणि लिहीत सुटलो. पुस्तकामागून पुस्तक. सभागृहं भरायला लागली, अनोळखी माणसं माझा हात धरून रडायला लागली. लोक म्हणाले, साक्षात्कार. भाषणांत मीही आतला आवाज म्हणायचो — आतला कसला, समोरच्या खुर्चीतला!

हल्ली लिहीत का नाही, सगळे विचारतात. काय सांगू? मास्तर वाचतच नाहीत गं. नुसतं विचारतात — पोरगी जेवली का? मी म्हणतो, मास्तर, पुढचं वाचा. तर पुन्हा तेच, पोरगी जेवली का? वेड लागायची पाळी आली. म्हणून मघाशी तुला दारात बघितलं तेव्हा वाटलं, सुटलो! एकदा तुला बघतील, जीव शांत होईल, पुढचं वाचतील —

गप्प आहेत. तू आत आल्यापासून गप्प. ऐक ना... काहीच नाही. मास्तर? अहो मास्तर, ही बघा, आलीय, जेवलीय — जेवलीस ना?

रडू नकोस. रडू नकोस म्हणतो ना! ऊठ, जा तू. पुस्तकावर त्यांचं नाव घालतो, काय हवं ते घालतो, पण जा — आणि पुन्हा येऊ नकोस. तू गेलीस की निदान तेवढं तरी विचारतील.