नानांनी न वाचलेली अठरा पानं

मंडळी, ऐका! आज एक प्रश्न घेऊन उभा राहिलोय. एकादशीला चुकून भाताचं शीत पोटात गेलं, तर आपण काय करतो? देवापुढे नाक घासतो, आणखी एक उपास धरतो — झालं! त्याला प्रायश्चित्त आहे. पण लेकराचं मन मोडलं — आपल्या हातानं, चारचौघांत मोडलं — त्याला कोणतं प्रायश्चित्त? पुढे पोथ्या वाचलेले बसलेत, सांगा की! नाही ना सांगता येत? मलाही आलं नाही. म्हणून आजचं आख्यान पुराणातलं नाही, निफाडकडचं आहे.

एक गाव. तिथले रंगनाथ ढोमसे — सगळे त्यांना रंगूनाना म्हणतात. द्राक्षाची बाग. गळ्यात माळ, तीस वर्षांची. माणूस कसा? बागेतल्या वेलीवर हात ठेवला की सांगतील, हिला पाणी जास्त झालंय. वेलीचं कळायचं हो! माणसाचं कळायला जरा जड.

नानांना एकच मुलगी, हर्षदा. शिकली, खूप शिकली. आणि नोकरी कुठे लागली? वाइनच्या कारखान्यात! वाइन करायच्या कामाची ती प्रमुख झाली!

हं — काही जणांचे कान आत्ता टवकारले! बसा, बसा. इथे प्रसादाला शिराच मिळणार आहे!

नानांचं डोकंच फिरलं. "माळकऱ्याची पोर दारू गाळती!" अहो, वाइन म्हणजे काय, दारू म्हणजे काय, हा वाद मी इथे सोडवायला उभा नाही. नानांच्या लेखी दोन्ही एकच. त्या दिवसापासून बापलेकीचं बोलणं आटलं. पोर सणाला यायची. "जेवलीस?" "हो." "कधी निघती?" "उद्या." सात वर्षं, मंडळी, सात वर्षं एवढंच! तिनं लग्न केलं नाही, तो तंटा निराळा. तो आज उघडत नाही, नाहीतर शिरा थंड होईल.

आता मागे चला. हर्षदा नऊ वर्षांची असताना गावच्या शाळेत शेतीखात्याचे साहेब आले होते. नाना लेकीला घेऊन बघायला गेले. साहेबांनी पडद्यावर चित्रं दाखवली. त्यात एक बेट होतं, ग्रीस देशाकडचं. ज्वालामुखी फुटून झालेलं! माती नाही, नुसती राख. पाऊस जवळजवळ नाही. वारा असा की उभी वेल मोडून पडेल. आणि तिथे द्राक्षं! कशी? तिथले शेतकरी वेल मांडवावर चढवतच नाहीत. जमिनीवरच गोल गोल वळवतात, आपल्या बायाबापड्या डोक्यावर चुंबळ ठेवतात ना, तशी. आणि त्या चुंबळीच्या आत, वाऱ्यापासून लपून, घड धरतात.

सायकलच्या दांडीवर लेक, आणि नाना घरी येईपर्यंत एकच बोलत होते. "आयला, राखेत द्राक्ष! हर्षे, हे एकदा डोळ्यानं बघायला पाहिजे गं!" — आयला हा शब्द नानांचा बरं का, माझा नाही!

नाना विसरले. माणूस बोलतो आणि विसरतो. पण दांडीवर बसलेलं लेकरू विसरतं का हो?

गेल्या वर्षीचा चैत्र. गावात हरिनाम सप्ताह, शेवटचा दिवस, सकाळी काल्याचं कीर्तन व्हायचं होतं. नाना वीणेच्या पहाऱ्याला उभे. तुम्हाला ठाऊक आहे, सप्ताहात वीणा खाली टेकवायची नाही. दुसऱ्यानं हातात घेतली तरच आपले हात मोकळे. अशा वेळी हर्षदा मंडपात आली. हातात एक निळी फाइल.

आता तुम्ही म्हणाल, अशा वेळी कशाला आली? तेच तर! घरी नाना उठून निघून जायचे. तिला वाटलं, वीणा गळ्यात असली की नाना जागचे हलणार नाहीत, आणि देवासमोर रागावणारही नाहीत. पोरीचा हिशेब इथेच चुकला.

म्हणाली, "नाना, ज्येष्ठात नऊ दिवस. सगळं ठरवलंय. फक्त हो म्हणा." आणि नानांचे हात वीणेत गुंतलेले म्हणून तिनंच फाइल उघडून त्यांच्या डोळ्यांपुढे धरली. पहिलं पान. वर मोठ्या अक्षरात लिहिलेलं — वाइन सहल.

नानांनी तेवढंच वाचलं.

"माझ्या हातात काय हाये, दिसतंय का तुला? वीणा हाये! अन् तू माझ्याम्होरं दारूचा कागद धरती?"

"नाना, पुढचं पान तरी —"

"पुढचं पान नको! माळ काढून ठिवीन त्या दिवशी येईन तुझ्यासंगं. निघ!"

अख्खा मंडप ऐकत होता. लेकीसमोरसुद्धा माळेला बाध येऊ दिला नाही — याला म्हणतात निष्ठा!

हां! आल्या टाळ्या! वाजवा, वाजवा. कोणी कोणी वाजवल्या, लक्षात ठेवा फक्त.

त्या मंडपातही वाजल्या. त्या दिवशीचा कीर्तनकार तर फेटा बांधून उभा राहिला आणि पहिलंच वाक्य बोलला — "बाप असावा तर असा!" हर्षदा तेव्हा मंडपाच्या खांबाशी उभी होती. तिनं लांबूनच कीर्तनकाराला हात जोडले, फाइल बायकांत बसलेल्या आईच्या मांडीवर ठेवली आणि गेली.

बेटावर ती एकटीही गेली नाही. सगळं रद्द केलं. भाद्रपदात तिला ताप भरला. डेंग्यू. चार दिवस दवाखान्यात. नाना पोचले तेव्हा पोर शुद्धीवर नव्हती. तिचं वय छत्तीस, मंडळी. जेवलीस का, एवढंसुद्धा विचारायचं राहून गेलं.

तेरावा झाला, पाहुणे पांगले. दुपारची वेळ, नाना ओट्यावर बसलेले. अनसूयाबाई, म्हणजे नानांची मंडळी, आतून आल्या. लुगड्यांच्या ट्रंकेत ठेवलेली निळी फाइल त्यांनी नानांच्या पुढ्यात ठेवली. "तुम्ही एक पान वाचलं. अठरा राहिलीत," एवढंच बोलल्या आणि आत गेल्या.

नानांनी चष्मा लावला. पहिलं पान तेच, वाइन सहल. पण खाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती. त्या दिवशी डोळा तिथवर पोचलाच नव्हता. "नाना आणि मी."

दुसरं पान. "सकाळी वाइनचा कारखाना. आत मी एकटी जाणार, चाखणं माझं काम. नाना बाहेर अंगणात. आत वास येतो. बाक आहे आणि सावली आहे का, हे पत्र पाठवून विचारलंय. आहे."

पुढचं पान. "डोंगराच्या कड्यावर तीनशे पायऱ्या. नानांचा गुडघा. मागून गाडीचा रस्ता आहे."

पुढचं पान. "एकादशी. कुठेही जायचं नाही. भगर, दाण्याचं कूट, राजगिऱ्याचे लाडू घरून न्यायचे. भांडी नवी घ्यायची, तिथली नकोत."

ऐकताय ना? वाइनच्या सहलीत एकादशी मांडून ठेवली होती पोरीनं! माळ काढून ठेवीन म्हणाले होते ना नाना? तिनं ती माळ जपूनच सगळा रस्ता आखला होता!

अकरावं पान. "इथे म्हातारे शेतकरी स्टेलिओस. वय अठ्ठ्याहत्तर. अजून स्वतः वेली वळवतात. नाना त्यांच्याकडे पूर्ण दिवस. दुभाषा नको. दोघांनाही वेल येते." खाली पेन्सिलीनं काढलेलं चित्र — जमिनीवर वळवलेली वेल, पुन्हा पुन्हा खोडून काढलेली. आणि त्याखाली, "नाना, मला हे जमत नाही. काडी मोडते. तुम्ही तिथे बघून शिका आणि मग मला शिकवा."

नानांनी पान मिटलं नाही. पाणी सुटलं डोळ्यांना, ते अक्षरांवर पडू नये म्हणून फाइल तेवढी लांब धरली. शिकवा म्हणत होती हो! सात वर्षं जिच्याशी बोलले नाहीत, ती लेक म्हणत होती, मला शिकवा.

कार्तिकात नाना त्या कीर्तनकाराच्या घरी गेले. फाइल पुढे ठेवली. म्हणाले, "महाराज, तुम्ही म्हणला होता, बाप असावा तर असा. आधी हे वाचा. मग पुन्हा म्हणा."

कीर्तनकारानं वाचलं.

नाना म्हणाले, "दोघांना वेल येते, भाषा नको, असं लिव्हलंय तिनं त्या म्हाताऱ्याबद्दल. महाराज, तिलाही वेल येत व्हती की. मग आम्हाला तरी कुठं भाषा लागत व्हती? नुसतं बागेत संगं उभं राहिलो असतो तरी झालं असतं."

तो कीर्तनकार कोण, हे ओळखलं असेलच तुम्ही. मीच तो. फेटा हाच होता.

आता बागेच्या कडेला नानांनी एक कोवळी वेल मांडवाखालून काढून जमिनीवर घेतली आहे. चित्र समोर ठेवून वळवतात. काडी मोडते, पुन्हा दुसरी घेतात. आपल्याकडच्या पावसात ती जमिनीवर कुजणार, हे त्यांना माझ्याहून चांगलं कळतं. मी विचारलं, "नाना, कशाला मग?" म्हणाले, "तिला शिकवायचं राहिलंय ना."

तर मंडळी, मघाचा प्रश्न. मन मोडल्याचं प्रायश्चित्त! मी शोधलं, मला सापडलं नाही. माळ सोडा असं मी म्हणत नाही, माळ घट्ट धरा! पण मघाशी ज्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यांनी आणि मी, आपण सगळ्यांनी एकच पान वाचून निकाल दिला होता. त्या मंडपात शेकडो माणसं होती. एकानं जरी पुढे होऊन म्हटलं असतं, "नाना, द्या वीणा इकडे, पोरीचं वाचून घ्या" — तर? वीणा दुसऱ्याच्या हातात द्यायला काय लागत होतं हो? आणि मी तर सगळ्यांच्या पुढे बसलो होतो!

तुमच्या घरातही कुणीतरी पहिल्या पानावर थांबलेलं असेल. मुलगा असेल, सून असेल, पाठचा भाऊ असेल. आत्ता ज्याचं नाव मनात आलं, त्याच्याकडे इथून उठून जा. पुढचं पान मागून घ्या.

आज शेवटी टाळी नको. वीणेकरी बाबा, तुमच्या दाराशी कुणी वाट बघत असेल, तर वीणा इकडे द्या. मी धरतो.