अर्धा किलो

...आणि वर दातांच्या डॉक्टरीणबाई मलाच म्हणतात, ‘तुम्ही घरी डोकं चालवू नका!’ अहो, पंधरा वर्षं सिन्नरच्या कंपनीत शंभर टनाची प्रेस चालवतोय मी, जाड पत्रा पोळीसारखा दुमडतो, आणि माझ्या आठ वर्षांच्या आरोहीचा वरचा जबडा पुढं आणायला या तृप्ती मॅडम देतात काय, तर रबर! एवढे एवढे!

तुम्हाला सांगतो, जबडा माझाच. खालचा पुढं, वरचा मागं राहिलेला. शाळेत मी तोंडावर हात ठेवून हसायचो... आणि एक दिवस बघतो तर पोरगीपण तशीच हसतेय.

तडक नाशिकला नेलं. मॅडम म्हणाल्या, ‘हाड वाढतंय तोवरच जमेल, उशीर नको.’ मग कपाळावर एक गादी, हनुवटीवर एक, मधे तारेची दांडी, आणि वरच्या दातांना बसवलेल्या हुकापासून दांडीपर्यंत रबर. शाळेतून आली की चढवायचं, सकाळी उतरवायचं. मी विचारलं, ‘ओढ किती?’ ‘एका बाजूला साधारण अर्धा किलो.’ अर्धा किलो! तेवढ्यानं हाड हलतं?

मला कुठला दम निघतोय! लोड वाढवला की काम लवकर, एवढंच आम्हाला ठाऊक. लावले दोन्हीकडं दोन-दोन रबर! तिसऱ्या दिवशी पोरगी भाकरी चावेना, गाल धरून रडतेय. तिची आई, आमची उज्ज्वला, कडाडली, ‘तुमची ती प्रेस कंपनीतच ठेवून येत जा!’ आणि मॅडम... ‘आरोहीचे बाबा, आपण फक्त वाट दाखवायची. पुढं तिचं हाड आपलं आपण वाढत येतं.’

आपलं आपण! शंभर टनांना जे जमत नाही, ते आठ वर्षांची पोर जेवता-खेळता करतेय! मग काय, नऊ महिने रोज संध्याकाळी, मोजून एकेक रबर, या हातानं लावला.

आणि परवा मॅडमनी तिच्या हातात आरसा दिला... वरचे दात खालच्यांच्या पुढं! अर्धा किलो हो, अर्धा किलो! पोरगी खळखळून हसली, दोन्ही हात आरशाला. मी तिथंच खुर्ची धरून रडलो, लाज कसली त्यात?

तेवढ्यात काउंटरवरची राखी म्हणते कशी, ‘अय्या, किती गोड! अगदी आईवर गेलीय हो!’

अहो, तिच्यात माझं म्हणून एकच होतं, तेही मीच रोज रबर लावून घालवलं.