आम्ही डांबर फासलेली तुळई

मंडळी, अक्का, गल्लीतले सगळे वडीलधारे. मला भाषणाची हौस, तुम्हाला माहीत आहे. इंग्रजी शाळेत टेबलावर हात आपटून बोलायचो. आज नानांचं तेरावं. तरी बोलतो. बसा जरा.

अक्कांचे यजमान, आपले नाना, घराच्या मातीच्या धाब्याखाली सापडून गेले. तुम्ही म्हणता, नशीब. कुणाचं नशीब?

पावसाळ्याआधी आपण सगळे टाकतो, तशी नाना धाब्यावर नवी माती टाकत होते. टोपल्या आपणच वर दिल्या. आपणच! मधली तुळई मोडली, अन् मातीसकट नाना खाली आले.

ती तुळई वाळवीनं पोखरलेली होती. ते घर नानांना आम्ही विकलं. विकायच्या आधी मी आणि आबांनी, माझ्या वडिलांनी, तिला डांबर फासलं. साऱ्या गल्लीला वास आला. विचारलं कुणी?

नानांनी विचारलं. पिंप्राळ्याहून घर बघायला आले, मला बाजूला घेतलं. म्हणाले, "भाऊ, तू इंग्रजी शिकेल शे. खरं सांग, घरमा काही खोड शे का?"

मी म्हटलं, "आबांना विचारा."

नाना हसले. "इंग्रजी शाळामा हाईच शिकाडतस का?"

नाही, नाना. हे घरी शिकलो. आबा म्हणायचे, "घेणाऱ्यानं डोळे उघडावेत. विकणाऱ्यानं तोंड कशाला उघडायचं?" अहो, नानांनी डोळे उघडलेच होते. डांबराखालचं काय दिसणार?

आबा, उठू नका. तुमचं नाव घेऊन मी सुटत नाही. डांबराचं फडकं माझ्याच हातात होतं.

अक्का, आता तुम्ही ऐका. पुढची खोली पडली, म्हणून तुम्ही मागच्या खोलीत राहता. तिथल्या तुळईलाही वाळवी आहे. तिलाही आम्ही डांबर फासलंय. तेरा दिवस मी त्या खोलीत येऊन बसलो. तुमचं सांत्वन केलं. रोज वर बघितलं. आणि बोललो नाही.

आता दोन मिनिटं उभं राहायची रीत आहे. उभे राहू. पण इथं नको, अक्कांच्या दारात. अक्का, तुम्ही उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू नका. भांडी, अंथरुणं, सगळं मी बाहेर काढतो. सामान आमच्या घरी जाईल.

नाना, रामराम. विचारलंत तेव्हा सांगायला हवं होतं.

आबा, चला. आत आपण दोघंच जायचं.