नालेवालीची डावी बाजू

आजच्या या निरोप समारंभाच्या अध्यक्ष माननीय संघप्रिया खोब्रागडे मॅडम, व्यासपीठावरील मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती आणि आपल्या सावरटोला वनपरिक्षेत्राचे अधिकारी खुशाल वासेकर साहेब, वहिनीसाहेब, वनरक्षक, गाईड, जिप्सीवाले बंधू आणि मागच्या रांगेत बसलेल्या पिपरखेड्याच्या मायबहिणींनो! बाई, तिथं पंखा नाही, पुढं या. खुर्च्या रिकाम्या आहेत.

मी प्रफुल मेश्राम. चिमूरला माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नसराईत नवरा-नवरीचे फोटो काढतो आणि उरलेलं वर्ष जंगलात हिंडतो. बायको म्हणते, घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणारा माणूस पाहायचा असेल तर आमच्याकडे या.

साहेबांबद्दल दोन शब्द चांगले बोला, असं मला सांगण्यात आलं आहे. त्याला मला काही कष्ट नाहीत. पावसाळ्यात पर्यटकांना जंगल बंद असतं. तेव्हा गस्तीच्या गाडीत मला मागं बसवून नेणारा दुसरा अधिकारी मी पाहिला नाही. कुठं कळलावी फुललेली दिसली, की साहेब स्वतः गाडी थांबवायचे. "प्रफुल, उतर. पाकळ्या लाल होऊन राह्यल्या, उद्या भेटनार नाई." मी चिखलात गुडघे टेकून फोटो काढायचो आणि साहेब माझ्या कॅमेऱ्यावर छत्री धरायचे. स्वतः भिजायचे. सांगा, कोणता साहेब असं करतो?

नालेवालीचा फोटोही मला साहेबांमुळेच मिळाला. बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी सांगतो, नालेवाली ही आमची वाघीण. जांभळीच्या नाल्यात पडून राहायची म्हणून गाईड लोकांनी ठेवलेलं नाव. संध्याकाळी ती डोंगरावरून उतरून पाण्याकडे जायची. गाड्यांचा रस्ता एकाच बाजूनं, त्यामुळे आम्हाला कायम तिची उजवी बाजू दिसायची. परत जायची अंधारात, तोवर गेट बंद. त्या फोटोत मागं निळा डोंगर आहे, फुललेला पळस आहे. त्याला बक्षीस मिळालं, तो एका कॅलेंडरवर छापला गेला, आणि नालेवाली घरोघरी पोचली.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. वाघाच्या दोन्ही बाजूंचे पट्टे सारखे नसतात. उजवीकडची नक्षी वेगळी, डावीकडची वेगळी. एका बाजूवरून दुसरी ओळखता येत नाही.

मग मोह पडायचे दिवस आले. फुलं वेचायला गेलेले पिपरखेड्याचे डोमाभाऊ घरी परतले नाहीत. ते जिथं सापडले, तिथल्या झाडाला वनविभागाचा कॅमेरा बांधलेला होता. त्यात एक वाघीण आली. डाव्या बाजूनं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या मोबाइलवर तो फोटो आणि माझा फोटो शेजारीशेजारी फिरत होते. हीच ती, हीच ती! गावानं रस्ता अडवला. त्यात गावाचं काय चुकलं? घरातलं माणूस गेल्यावर राग नाही येणार?

मी साहेबांच्या कार्यालयात धावलो. म्हटलं, साहेब, एक उजवी बाजू आहे, एक डावी. हीच कशावरून? साहेबांनी दोन्ही फोटो टेबलावर पालथे घातले. म्हणाले, "प्रफुल, गाव पेटलं आहे. वरून फोन येऊन राह्यले. मले आज एक वाघीण पाहिजे."

साहेब, रागावू नका. वहिनी, त्यांना जरा पाणी द्या. अशा कार्यक्रमात हे बोलू नये, एवढं मलाही कळतं. पण उद्या तुम्ही नागपूरला राहायला जाल. मग मी हे कुणाजवळ बोलू?

नालेवालीला पकडायला वेळ लागला नाही. तिला गाड्यांची सवय होती, पळाली नाही. गावात दवंडी फिरली, वाघीण धरली, आता बिनधास्त जंगलात जा. तेंदूपत्त्याला बाया गेल्या. पिपरखेड्याचीच ललिताही गेली, ती घरी आली नाही. तिथल्या कॅमेऱ्यात पुन्हा तीच डावी बाजू आली. नालेवाली तर तेव्हा पिंजऱ्यात होती.

त्यानंतर डोमाभाऊंच्या घरच्या भागीरथाबाई माझ्या स्टुडिओत आल्या. आज इथं बसल्या आहेत. म्हणाल्या, "भाऊ, माह्या मालकाले तिनं नाई मारलं न? मंग तिले काऊन कोंडून ठेवलं? सोडा म्हना तिले." आम्ही दोघं साहेबांकडे गेलो. साहेबांनी बाईंना शब्द दिला, "रिटायर व्हायच्या आधी मी लिहून देतो, चुकीची धरली म्हून."

आणि साहेबांनी तो शब्द पाळला. मागच्या महिन्यात स्वतःच्या सहीनं लिहून दिलं. नोकरीच्या शेवटाला अशी सही करायला छाती लागते. टाळ्या वाजवा. मनापासून सांगतो, वाजवा.

वरून काल कळलं. पिंजऱ्याचे गज चावून तिचे सुळे तुटले आहेत. सुळे नसलेली वाघीण शिकार करू शकत नाही, म्हणून तिला आता सोडता येणार नाही. मरेपर्यंत तिथंच.

आज सकाळी मी तिला बघून आलो. ती या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नुसती चालते. जाताना उजवी बाजू, येताना डावी. ज्या डाव्या बाजूसाठी मी इतके उन्हाळे नाल्यावर काढले, ती मला तिथं बसल्याजागी मिळाली. पाहिजे तेवढे फोटो काढा, ती वळतच राहते. मला रडू आलं. आता आशा वाटावी असं माझ्याजवळ काही नाही आणि खोटं बोलून मी तुम्हाला देणार नाही.

साहेब, सगळ्यांनी शाल-श्रीफळ दिलं. मी या चौकटीत तिच्या दोन्ही बाजू आणल्या आहेत. भिंतीवर लावा असं म्हणणार नाही. पण घ्या.

मॅडमची चिठ्ठी आली आहे, आवरतो. मला बोलू दिल्याबद्दल अध्यक्षांचा, आयोजकांचा आणि माइकवाल्या भाऊंचा मी ऋणी आहे. बोलताना जीभ घसरली असेल, कुणाचं मन दुखलं असेल, तर आपला समजून पोटात घाला.

आणि पिपरखेड्याच्या बायांनो, तुमचा चहा-नाश्ता बांधून द्यायला सांगतो. उजेड आहे तोवर निघा, एकटी कुणी मागं राहू नका. ती दुसरी अजून तिकडंच आहे.